जमीन शोधली एकानं, नावावर लागली दुसऱ्याच्या: सायमन केंटनची गोष्ट

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात सायमन केंटनच्या नावाची एक काउंटी आहे. शेजारच्या ओहायोत केंटन नावाचं गाव आहे, आणि अर्बाना इथल्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर मोठं स्मारक उभं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी ओहायो नदीच्या दक्षिणेला जे गोरे लोक राहायला आले, त्यांना वाट दाखवणारा, त्यांच्यासाठी रानात पाळत ठेवणारा, कुठली जमीन कसदार आणि कुठली भुरमाड हे सांगणारा असा हा माणूस. एके काळी हजारो एकरांवर त्याचे दावे होते. तरीही उतारवयात तो कर्जापायी कैदेत पडला, आणि शेवटची वर्षं त्यानं सरकारनं दिलेल्या लहानशा पेन्शनवर काढली.

तो मुलूख ज्याला सगळ्यांत जास्त ठाऊक होता, त्याच्याच हातात जमीन का टिकली नाही? केंटनबद्दल जे सांगितलं जातं त्यात शौर्याच्या कथा भरपूर असतात, आणि त्याची गरिबी शेवटी दोन ओळींत उरकली जाते. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत समजून घेण्यासारखा भाग तोच आहे. तो समजायचा तर दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, केंटकीत जमीन नावावर करण्याची पद्धत काय होती. आणि दुसरी, ती जमीन मुळात कोणाची होती.

डोंगरापलीकडचा मुलूख

अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांच्या वसाहती अटलांटिक महासागराच्या काठानं पसरल्या होत्या. त्यांच्या पश्चिमेला ॲपलाचियन डोंगररांगा, आणि डोंगर उतरून गेलं की ओहायो नदीचं खोरं. नदीच्या उत्तरेला शॉनी, डेलावेअर, मिंगो, वायंडॉट या मूळनिवासी लोकांची गावं होती, त्यांची मक्याची शेतं होती. दक्षिणेला, म्हणजे आजच्या केंटकीत, कायम वस्तीची गावं तेव्हा फारशी उरली नव्हती. पण म्हणून तो मुलूख ओसाड नव्हता. शॉनी उत्तरेकडून आणि चेरोकी दक्षिणेकडून तिथं शिकारीला येत. जमिनीतून खारं पाणी झिरपतं अशा जागी बायसन, हरणं, एल्क मीठ चाटायला गोळा होत. पिढ्यान्‌पिढ्या कळप चालून पडलेल्या त्यांच्या रुंद वाटाच पुढे माणसांचे रस्ते झाले. शॉनींचं हिवाळ्याचं मांस आणि व्यापाराची कातडी या रानातून येत असे.

1763 मध्ये इंग्लंडच्या राजानं जाहीरनामा काढून डोंगरापलीकडे वस्ती करायला मनाई केली. ती फार काळ टिकली नाही. 1768 मध्ये फोर्ट स्टॅनविक्स इथं इरोक्वॉय या मूळनिवासी जमातींच्या संघानं ओहायोच्या दक्षिणेकडच्या जमिनीवरचा आपला हक्क इंग्रजांना विकला. ज्या शॉनींची ती शिकारभूमी होती त्यांची या व्यवहाराला संमती नव्हती. 1775 मध्ये रिचर्ड हेंडरसन या सट्टेबाजाच्या कंपनीनं चेरोकींशी वेगळाच करार करून केंटकीचा मोठा भाग विकत घेतल्याचं जाहीर केलं. व्हर्जिनियानं तो करार पुढे मोडीत काढला. एकाच जमिनीचे विकणारे दोन, घेणारे दोन, आणि जे तिच्यावर जगत होते त्यांना कोणी विचारलंच नाही. पुढचा सगळा गुंता या मुळापासून वाढला.

पळून आलेला पोरगा

केंटनचा जन्म 1755 चा, व्हर्जिनियातल्या एका गरीब शेतकऱ्याच्या घरातला. शाळेत तो गेला नाही. जेमतेम सही करण्यापलीकडे त्याला कधी लिहिता आलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, पुढे तिचं मोल त्याला मोजावं लागणार आहे.

1771 मध्ये, 16 वर्षांचा असताना, एका मुलीवरून विल्यम लीचमन नावाच्या तरुणाशी त्याची मारामारी झाली. लीचमन निपचित पडला. तो मेला असं समजून केंटन तसाच डोंगराकडे पळाला. फाशीच्या भीतीनं त्यानं नाव बदललं, आणि पुढची दहा-अकरा वर्षं तो सायमन बटलर म्हणून जगला. लीचमन जिवंत आहे हे त्याला थेट 1782 मध्ये कळलं. तोवर त्याचं तारुण्य सरहद्दीवर सरलं होतं.

रानात त्याला स्ट्रेडर आणि येगर हे दोन सोबती मिळाले. येगर लहानपणी मूळनिवाशांमध्ये वाढलेला होता. तेव्हा पाहिलेल्या एका मुलखाचं वर्णन तो करायचा: बांबूच्या कुळातल्या उंच गवताची बनं मैलोन्‌मैल पसरलेली, आणि खाली काळी कसदार माती. या गवताला तिकडे केन म्हणतात. ते दाट वाढतं तिथं जमीन सकस असते, आणि हिवाळ्यातही ते हिरवं राहत असल्यानं गुराढोरांना चारा मिळतो. सरहद्दीवरच्या शेतकऱ्याला मातीची परीक्षा करायला त्याहून चांगली खूण नव्हती. तिघं ओहायो नदीतून होडीनं खाली गेले, काठाकाठानं शोधत राहिले, पण केन काही दिसेना. कारण अगदी साधं होतं. ती बनं नदीकाठाला नव्हती, काठावरच्या टेकड्या ओलांडून आत काही मैलांवर होती. 1773 मध्ये त्यांच्या तळावर हल्ला झाला. येगर मारला गेला, आणि उरलेले दोघं अंगावरच्या फाटक्या कपड्यांनिशी उपाशीपोटी पळत कसेबसे माणसांत पोचले.

1775 मध्ये टॉमस विल्यम्स या नव्या जोडीदाराबरोबर केंटन लाइमस्टोन ओढ्याच्या मुखाशी उतरला. आज तिथं मेझविल हे गाव आहे. टेकडी चढून दोघं आत गेले आणि केनची बनं अखेर सापडली. दोघांनी थोडी जागा साफ करून मका पेरला. त्या काळी केंटकीत पेरलेला मका पोटासाठी तर असेच, पण तो जमिनीवरच्या हक्काचा पुरावाही ठरणार होता. पेरताना या दोघांना त्याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं, कारण तो कायदा चार वर्षांनी यायचा होता.

पाळत ठेवण्याचं काम

1775 पासून अमेरिकन वसाहतींचं इंग्लंडशी युद्ध सुरू झालं, आणि केंटकीतल्या मूठभर वस्त्या भलत्याच अडचणीत सापडल्या. डेट्रॉइटला इंग्रजांचं ठाणं होतं. तिथून शॉनी आणि त्यांच्या मित्रांना बंदुकीची दारू आणि शिसं मिळे. शॉनींना तर गोऱ्यांची वस्ती हटवायला स्वतःचं सबळ कारण होतंच. 1777 पर्यंत केंटकीत बूनसबरो, हॅरड्सबर्ग आणि बेंजामिन लोगन या गोऱ्या वसाहतकाराची गढी अशा मुख्यतः तीन जागाच तग धरून होत्या. गढी म्हणजे लाकडी खोल्यांची चौकट, मधल्या फटी ओंडके रोवून बंद केलेल्या. आत माणसं, गुरं, घोडे. शेत बाहेर, पाणी बऱ्याचदा बाहेर. माणूस दूध काढायला निघाला तरी रानातून गोळी यायची धास्ती.

म्हणून टेहळणी. प्रत्येक गढीनं दोन दोन माणसं नेमली, आणि बूनसबरोच्या नेमणुकीत केंटन होता. हे टेहळे जोडीजोडीनं ओहायो नदीपर्यंत जात आणि काठाकाठानं फिरत. ताजी पावलं कुठं उमटलीत, नदी ओलांडून आलेले तराफे किंवा होड्या झुडपात दडवल्यात का, बायसनच्या वाटेवरचा चिखल कधी तुडवला गेला, पाखरं अचानक गप्प का झाली, हे सगळं वाचायचं. खायला भाजलेला मका आणि वाळवलेलं मांस. जाळ शक्यतो करायचा नाही. खूण पटली की धावत गढी गाठायची, शत्रूच्या आधी. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांनी घडवलेली लांब नळीची रायफल अचूक असे, पण एकदा झाडली की पुन्हा भरायला वेळ लागे, त्यामुळे टेहळ्याची खरी भिस्त पायांवर आणि डोळ्यांवर.

1777 च्या एप्रिलमध्ये बूनसबरोवर हल्ला झाला तेव्हा गढीचा प्रमुख डॅनियल बून याचा घोटा गोळीनं फुटला. केंटननं त्याला उचलून दाराआत आणलं. बूनचं नाव आज जगभर माहीत आहे, केंटनचं नाही. पण त्या दिवशी केंटन तिथं नसता तर बूनची गोष्ट तिथंच संपली असती.

मला या कामातली एक बाजू फार महत्त्वाची वाटते. वर्षानुवर्षं असं फिरल्यावर केंटनच्या डोक्यात ओहायोच्या दक्षिणेचा सगळा प्रदेश बसला होता: कुठला ओढा कुठं मिळतो, कुठल्या खिंडीत पाणी आहे, कुठल्या उतारावर काळी माती आहे. नकाशा काढणाऱ्यांना हे माहीत नव्हतं. पूर्वेकडे बसून जमीन घेणाऱ्या श्रीमंतांना तर नव्हतंच. ही माहिती त्याची पुंजी होती, आणि काही वर्षं तिला भावही आला.

काळा रंग फासलेला कैदी

1778 च्या सप्टेंबरात केंटन माँटगमरी आणि क्लार्क या दोन साथीदारांसह ओहायो ओलांडून शॉनींच्या चिलिकॉथी गावाजवळ गेला. सोपवलेली कामगिरी टेहळणीची होती, पण तिघांनी गावातले घोडेही पळवले. परतीला ओहायोवर वादळी वारा होता, लाटा उसळत होत्या, आणि घोडे काही केल्या पाण्यात उतरेनात. घोडे सोडून दिले असते तर तिघं निसटले असते. ते थांबले. पाठलाग करणारे आले. माँटगमरी मारला गेला, क्लार्क निसटला, केंटन पकडला गेला.

पुढचे काही आठवडे त्याच्यावर जे गुदरलं ते केंटकीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. त्याला बिनसवारीच्या रानटी घोड्यावर बांधून झाडाझुडपांतून पिटाळलं. दोन रांगांतून पळायला लावलं, दोन्ही बाजूंनी काठ्यांचा मार. किती गावांत किती वेळा, याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. केंटननं स्वतः काही लिहिलेलं नाही. त्यानं म्हातारपणी सांगितलेलं आणि त्याच्या नातेवाइकांनी, ओळखीच्यांनी आठवून सांगितलेलं पुढे लायमन ड्रेपर यांच्यासारख्या संग्राहकांनी टिपून ठेवलं. त्यामुळे मूळ घटनाक्रम विश्वासार्ह आहे, पण बारकावे जपून घ्यावे लागतात.

या छळाकडे नुसतं क्रौर्य म्हणून पाहिलं तर शॉनी समाजाची रीत कळत नाही. कैद्याचं काय करायचं हे तिथं पंचायतीत चर्चा करून ठरे. मारला गेलेला मुलगा किंवा भाऊ यांच्या जागी कैद्याला दत्तक घेत. याच 1778 मध्ये काही महिने आधी डॅनियल बूनला चिलिकॉथीच्या ब्लॅकफिश या सरदारानं असंच मुलगा मानलं होतं. दुसरा मार्ग म्हणजे मोबदला घेऊन इंग्रजांच्या हवाली करणं. तिसरा मृत्यू. केंटन घोडेचोर म्हणून सापडला होता आणि त्या वर्षी शॉनींचा संताप टोकाला गेला होता. आदल्या नोव्हेंबरात त्यांचा वडीलधारा नेता कॉर्नस्टॉक बोलणी करायला फोर्ट रँडॉल्फमध्ये गेला असता अमेरिकन सैनिकांनी त्याला मुलासकट ठार मारलं होतं. केंटनच्या तोंडाला काळा रंग फासला गेला. याचा अर्थ जाळून मारायची शिक्षा.

वापाटोमिका या गावी सायमन गर्टी आला. हा स्वतः लहानपणी सेनेका लोकांत वाढलेला, दुभाष्या, आणि त्याच वर्षी अमेरिकनांची बाजू सोडून इंग्रजांना मिळालेला. अमेरिकन कथांमध्ये गर्टी म्हणजे खलनायक. त्यानं कैद्याला नाव विचारलं, आणि ‘बटलर’ ऐकताच त्याला ओळख पटली. 1774 मध्ये शॉनींविरुद्धच्या लढाईत दोघं एकत्र टेहळणीला होते. गर्टीनं पंचायतीपुढे उभं राहून मित्राचा जीव मागून घेतला. काही दिवसांनी नुकसान सोसून परतलेली एक तुकडी गावी आली आणि निकाल फिरला. तेव्हा मिंगो सरदार लोगननं मध्यस्थी केली, आणि द्रुइयार नावाच्या व्यापाऱ्यानं, केंटनकडून इंग्रजांना माहिती मिळेल असं सांगत, मोबदला देऊन त्याला डेट्रॉइटला नेलं. या लोगनच्या कुटुंबातली बरीच माणसं 1774 मध्ये गोऱ्यांनी मारली होती. तोच लोगन गोऱ्या कैद्यासाठी शब्द टाकतो, ही गोष्ट मला केंटनच्या कुठल्याही पराक्रमापेक्षा मोठी वाटते.

1779 च्या उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याच्या बायकोनं गुपचूप बंदुका मिळवून दिल्या आणि केंटन दोन सोबत्यांसह निसटला. महिनाभर रात्री चालत, दिवसा लपत ते ओहायोच्या धबधब्यापाशी, आजच्या लुईव्हिलला, पोचले.

मका, सनद आणि मोजणीची साखळी

तो परतला त्याच वर्षी व्हर्जिनियानं केंटकीच्या जमिनीचा कायदा केला. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. ज्यांनी 1778 उजाडण्याआधी तिथं वर्षभर वस्ती केली किंवा मक्याचं पीक घेतलं, त्यांना 400 एकर स्वस्तात मिळणार, आणि लागूनची 1000 एकर इतरांच्या आधी विकत घेण्याचा हक्क. केंटनच्या पहिल्या दाव्याचा पाया असा मक्याच्या तुकड्यावर होता. इथवर कायदा कष्टकऱ्याच्या बाजूचा वाटतो.

पण व्हर्जिनियाची तिजोरी युद्धानं रिकामी झाली होती. म्हणून त्याच कायद्यात आणखी एक दार उघडलं: जो पैसे भरेल त्याला सरकारी हुकूमपत्र मिळेल, हव्या तेवढ्या एकरांचं. ते घेऊन त्यानं केंटकीत कुठंही पडीक, कोणी न घेतलेली जमीन शोधावी. हुकूमपत्रं किती विकायची याला मर्यादाच नव्हती. दुबळ्या झालेल्या कागदी चलनात ती विकली गेली, पूर्वेकडच्या धनिकांनी ढिगानं घेतली, आणि प्रत्यक्ष जमिनीला पेलवतील त्याहून कितीतरी जास्त एकरांचे कागद बाजारात फिरू लागले.

कागदावरून जमिनीपर्यंत यायला चार पायऱ्या होत्या. आधी हुकूमपत्र मिळवायचं. मग काउंटीच्या मोजणीदाराकडे नोंद करायची, म्हणजे कुठली जमीन हवी त्याचं वर्णन लिहवून घ्यायचं. त्यानंतर साखळी टाकून मोजणी. शेवटी मोजणीचा नकाशा आणि फी व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड इथल्या कचेरीत पोचवली की गव्हर्नरच्या सहीची सनद. यातली एक पायरी चुकली, उशीर झाला, फी राहिली, की दावा लोंबकळला.

आणि खरी मेख वेगळीच. या मुलखाची आधी सरकारनं मोजणीच केलेली नव्हती. ज्याला जमीन हवी त्यानंच हद्द सांगायची: अमुक ओढ्याच्या मुखापासून इतक्या अंतरावर, जिथं दोन ओक आणि एक बीच उभे आहेत तिथून सुरू करून, तमुक दिशेनं, दुसऱ्या खुणेच्या झाडापर्यंत. शेजारी कोणाचा दावा आहे हे बघायला नकाशाच नाही. परिणामी एकाच जमिनीवर तीन-तीन, चार-चार दावे पडले, छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले.

तंटा कोर्टात गेला की प्रश्न विचारला जाई: नोंदीत जो ओढा, जो झरा सांगितला आहे, तो नोंदीच्या वेळी त्या नावानं सगळ्यांना माहीत होता का? एखादा अनोळखी माणूस वर्णन वाचून जागेवर पोचू शकला असता का? पोचू शकत नसेल तर नोंद मोघम, आणि मोघम नोंद बाद. या प्रश्नानं जुन्या टेहळ्यांचा घात केला. जो माणूस रानात सगळ्यांच्या आधी पोचला, त्यानं ओढ्याला दिलेलं नाव त्याला आणि त्याच्या दोन मित्रांनाच ठाऊक असणार. जमीन त्यानं खरंच पाहिली होती, पण त्याचं वर्णन कायद्याच्या कसोटीला उतरत नव्हतं. त्याच्यानंतर दहा वर्षांनी आलेला, वकील हाताशी असलेला माणूस तीच जमीन काटेकोर शब्दांत लिहवून घेई आणि जिंकून जाई.

केंटननं दुसऱ्यांसाठी जमीन शोधण्याचाही धंदा केला. हुकूमपत्र धनिकाचं, पाय टेहळ्याचे. मोबदला म्हणून त्याला जमिनीचाच हिस्सा, कधी एक तृतीयांश, कधी निम्मा. म्हणजे त्याची कमाईसुद्धा त्याच वादग्रस्त जमिनीत अडकलेली. त्यातला वाटा त्यानं पुढे विकला तर विक्रीखतात हक्काची हमी द्यावी लागे. जमीन दुसऱ्या दावेदारानं जिंकली की घेणारा हमीचे पैसे मागायला दारात उभा. डॅनियल बूनही याच चक्रात सापडला, कफल्लक झाला आणि 1799 मध्ये मिसिसिपीपलीकडे स्पॅनिश मुलखात निघून गेला. बून तर लिहिता-वाचता येणारा होता आणि स्वतः मोजणीही करायचा. केंटनला दस्त वाचायलाच दुसरा माणूस लागे. त्यात स्वभाव उदार. आलेल्या कुटुंबाला जागा दाखव, एखाद्याला तोंडी शब्दावर जमीन देऊन टाक, असं तो करत असे.

1784 मध्ये त्यानं लाइमस्टोनजवळ स्वतःची गढी उभारली. त्याआधी तो व्हर्जिनियाला जाऊन आईवडील आणि भावंडांना घेऊन निघाला होता. वडील वाटेतच वारले. लाइमस्टोनचा धक्का हा ओहायोतून होड्यांनी येणाऱ्यांचा केंटकीत उतरायचा मोठा घाट झाला. तिथं उतरणाऱ्यांना केंटनचा आधार वाटे. त्याच्याकडून जमीन घेऊन आर्थर फॉक्स आणि विल्यम वुड यांनी वॉशिंग्टन नावाचं गाव वसवलं. 1790 च्या शिरगणतीत केंटकीत 73,000 हून जास्त माणसं होती, 1800 मध्ये 2,20,000 हून जास्त. 1790 च्या आकड्यातले 12,000 हून अधिक लोक गुलाम होते. जंगल तोडण्यात, मका लावण्यात त्यांचा घाम होता, पण जमिनीच्या एकाही दाव्यात त्यांचं नाव येऊ शकत नव्हतं. लोक वाढले तशी वाट दाखवणाऱ्याची गरज संपली, आणि वकिलांची वाढली.

ही झळ एकट्या टेहळ्यांना बसली नाही. टॉमस लिंकन नावाचा एक शेतकरी जमिनीच्या हक्काच्या कटकटींना कंटाळून 1816 मध्ये केंटकी सोडून इंडियानात गेला. त्याच्या मुलानं, अब्राहम लिंकननं, पुढे लिहून ठेवलं आहे की स्थलांतराला गुलामगिरी हे काही अंशी कारण होतं, पण मुख्य कारण केंटकीतले जमिनीचे तंटे. केंद्र सरकारनंही धडा घेतला होता. 1785 च्या कायद्यानुसार ओहायोच्या उत्तरेकडच्या सरकारी जमिनी आधी मोजायच्या, मगच विकायच्या असं ठरलं: सहा मैल बाजूचे चौरस, प्रत्येकाचे 36 भाग, प्रत्येक भाग 640 एकरांचा. विमानातून पाहिलं तर अमेरिकेच्या मध्यभागातली शेतं आजही त्या चौकटीत बसलेली दिसतात. केंटकीत मात्र हद्दी ओढ्यांच्या वळणांनी आणि कधीच पडून गेलेल्या झाडांनी ठरलेल्या.

नदीच्या उत्तरेला

मोजायच्या त्या उत्तरेकडच्या जमिनी शॉनी आणि इतर मूळनिवाशांच्या होत्या. 1786 च्या जानेवारीत मोलुंथा या वृद्ध शॉनी सरदारानं अमेरिकेशी करार केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केंटकीच्या फौजेनं मॅड नदीकाठची शॉनी गावं जाळली, आणि शरण आलेल्या मोलुंथाला ह्यू मॅगॅरी नावाच्या अधिकाऱ्यानं कुऱ्हाडीनं ठार केलं. या फौजेबरोबर केंटन होता. ज्या प्रदेशात आठ वर्षांपूर्वी त्याला कैदी म्हणून फिरवलं होतं, तिथली वाट त्याच्याइतकी कोणाला माहीत असणार? त्याच्या धाडसाबद्दल मला आदर आहे, आणि तरीही हे नोंदवायलाच हवं की त्याच्या कौशल्याचा एक उपयोग असाही झाला. 1795 च्या ग्रीनव्हिल करारानं आजच्या ओहायोचा बराचसा भाग मूळनिवाशांच्या हातून गेला.

केंटन स्वतः याच मॅड नदीच्या खोऱ्यात राहायला आला, केंटकीतले दावे हरत असताना. ओहायोच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सैन्यात, त्याला ब्रिगेडियर जनरल केलं गेलं. 1813 मध्ये, 58 वर्षांचा असताना, तो केंटकीच्या सैन्याबरोबर कॅनडात टेम्स नदीवरच्या लढाईला गेला. त्या लढाईत शॉनी नेता टेकुम्से पडला. टेकुम्सेचे वडीलही 1774 मध्ये व्हर्जिनियाच्या फौजेशी लढतानाच पडले होते. दोन पिढ्या त्याच जमिनीसाठी.

कर्ज मात्र पाठ सोडेना. जुन्या जमिनींच्या खटल्यांपायी त्याला केंटकीत, एके काळी त्यानंच विकलेल्या जमिनीवर वसलेल्या वॉशिंग्टन गावात, कर्जदार म्हणून कैदेत राहावं लागलं. 1821 मध्ये केंटकीनं कर्जासाठी कैदेची शिक्षा रद्द केली. दुसऱ्यांच्या खटल्यांत मात्र त्याला मान होता: कुठला ओढा 1776 मध्ये कोणत्या नावानं ओळखला जायचा हे सांगायला साक्षीदार म्हणून त्याला बोलावलं जाई. त्याच्या आठवणीच्या जोरावर माणसं जमिनी जिंकत होती.

1824 च्या सुमारास तो जीर्ण कपड्यांत, मरतुकड्या घोड्यावरून केंटकीची राजधानी फ्रँकफर्टला गेला. कर थकल्यामुळे सरकारजमा झालेले त्याचे काही डोंगराळ तुकडे तरी परत मिळावेत एवढीच मागणी होती. कोणीतरी त्याला ओळखलं, नवे कपडे घेऊन दिले, आणि विधानसभेत त्याला सभापतींच्या खुर्चीत बसवून सभासदांनी रांगेनं भेट घेतली असं सांगतात. ते तुकडे त्याला परत मिळाले; त्यांना तेव्हा विशेष किंमत नव्हती. अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, महिना 20 डॉलर पेन्शनही मंजूर केली. 1836 च्या एप्रिलमध्ये तो ओहायोतल्या लोगन काउंटीत वारला, वापाटोमिकाच्या जागेपासून थोड्याच मैलांवर. 1865 मध्ये त्याचे अवशेष अर्बानाला हलवण्यात आले.

त्याच्या मृत्यूच्या आधीच ओहायोतल्या उरल्यासुरल्या शॉनींना मिसिसिपीपलीकडे पाठवण्यात आलं होतं, मुख्यतः 1831 ते 1833 या काळात, केंद्र सरकारच्या मूळनिवासी हटाव कायद्याखाली. त्यांच्याकडे करारानं दिलेली राखीव गावं होती, काहींकडे शेती, घरं, बागा होत्या. सह्याशिक्क्यांच्या कागदांनी त्यांचंही रक्षण केलं नाही. आज शॉनींच्या केंद्र सरकारनं मान्य केलेल्या तीन जमाती ओक्लाहोमात आहेत. ज्या चिलिकॉथीत केंटननं घोडे चोरले आणि काठ्यांचा मार खाल्ला, ते ठिकाण आज ओहायोत झीनियाजवळ ओल्डटाउन म्हणून ओळखलं जातं. 2024 मध्ये तिथं ग्रेट कौन्सिल स्टेट पार्क सुरू झालं. या तिन्ही जमातींना सोबत घेऊन ते उभारलं आहे, आणि तिथला इतिहास सांगताना आता त्यांचाही आवाज आहे.